दुहेरी फडक्याचे पाणी

नाताळची सुट्टी लागण्याआधीच्या रविवारी मी यादी करायला बसतो. मास्तरकी करणाऱ्या माणसाला हजेरीपटाची सवय लागते, आणि ती घरी आल्यावर टोपीसारखी खुंटीला टांगून ठेवता येत नाही. आमच्याकडे बारा महिने कसल्या ना कसल्या याद्या चालू असतात, पण या सुट्टीच्या यादीला घरात 'मोठी यादी' म्हणतात. दर वर्षी आम्ही पाच जण सोलापूरहून केमजवळच्या एका वस्तीवर माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, जातो, आठ-दहा दिवस राहतो, हुरडा खातो आणि परत येतो. माझा हट्ट एवढाच असतो, की जितकी माणसे धडधाकट गेली तितकीच धडधाकट परत यावीत.

दहा वर्षांमागची वही अजून माझ्यापाशी आहे. मुले तेव्हा लहान होती. थोरली अकरा वर्षांची, मधला आठाचा आणि धाकटी पाचाची. त्या वर्षीच्या यादीत तेवीस कलमे आहेत. कांबळी चार. कानटोप्या दोन, धाकटीची कुंची वेगळी. सुंठ, ओवा आणि हिंग यांच्या पुरचुंड्या. निलगिरीचे तेल. आयोडीनची बाटली, तिचे बूच पाहून घेणे. आगगाडीच्या खिडकीतून डोके बाहेर काढायचे नाही. बैलगाडीत चाकाच्या बाजूला पाय सोडायचे नाहीत. आगटीजवळ परकर खोचून बसायचे. खोलीत शेगडी असेल तर खिडकी उघडी ठेवायची, मग कितीही थंडी वाजो. हुरड्यावर लगेच घटाघटा पाणी प्यायचे नाही.

बायकोने माझ्या खांद्यावरून यादी वाचली आणि म्हणाली, "अहो, एवढं सगळं पाळायचं, तर मुलांनी तिथं जाऊन करायचं काय?"

"खेळायचं की."

"ते कुठल्या कलमात आहे?"

नव्हते खरे. म्हणून चोविसावे कलम घातले: खेळणे. ते तिच्या अक्षरात आहे.

पण मला सांगायचे आहे ते पहिल्या कलमाविषयी. त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. 'पाणी: दुहेरी फडक्यातून.'

नारू म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो नशीबवान. आमच्या भागात तो ठाऊक नसलेला माणूस मिळणे कठीण. पायाला आधी फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या सुतासारखा किडा डोके काढतो. तो ओढून चालत नाही. काडीला गुंडाळत रोज दोन-चार बोटे बाहेर घ्यायचा, असे दोन-तीन आठवडे. घाई केली आणि मध्येच तुटला, तर पाय सुजून माणूस महिना महिना अंथरुणाला खिळतो. माझ्या डाव्या घोट्यावर त्याची खूण आहे. मी दहा वर्षांचा होतो. आई गेल्यावर आक्काने मला आपल्या सासरी नेऊन वाढवले, त्याच वस्तीवर. तिने वीस दिवस रोज सकाळी माझा पाय मांडीवर घेऊन ती काडी फिरवली. मी रडलो की म्हणायची, "रडू नगंस, त्याला ऐकू जातंय, मग त्यो आत पळतूय." मी गप्प बसायचो. पुढे कित्येक वर्षे मला ते खरेच वाटत होते.

तर यादीच्या त्या वर्षी दिवाळीनंतर, मी शिकवत होतो त्या शाळेत एक डॉक्टर जादूचा कंदील घेऊन आले. भिंतीवर धोतर ताणून त्यांनी चित्रे दाखवली. त्यांत एक पायऱ्यांची विहीर होती आणि एक बाई पाण्यात पाय घालून कळशी बुडवत होती. डॉक्टर म्हणाले, नारू झालेला पाय पाण्यात बुडाला की किडा आपली पिले पाण्यात सोडतो. पाण्यात ठिपक्याएवढे जीव असतात, ते ती पिले गिळतात. आपण ते ठिपके पाण्याबरोबर पितो. पाण्याची चव बदलत नाही, पोट दुखत नाही, ताप येत नाही. वर्ष जाते, कधी थोडे जास्त, आणि मग पायाला फोड येतो. उपाय एकच. पाणी घट्ट विणीच्या फडक्यातून गाळा, दुहेरी करून. ठिपके वर राहतात.

चित्रातली विहीर हुबेहूब आक्काच्या वस्तीवरच्या विहिरीसारखी होती. मी मुलांच्या मागे उभा होतो. माझा डावा पाय आपोआप उजव्यामागे गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांकडे गेलो. ते विणकर, घरात तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. त्यांना मी काय हवे ते सांगितले. त्यांनी चार कापडे उजेडाला धरून पाहिली, तीन बाजूला टाकली, चौथे माझ्या हातात दिले. म्हणाले, "मास्तर, ह्याच्यातनं पानी जातंय. दुसरं काय बी जात न्हाई." त्यातून माझ्या बायकोने दोन फडकी शिवली, काठ दुमडून. यादीतले पहिले कलम पुरे झाले. मला वाटले, काम झाले.

स्टेशनावर हजेरी घेतली. मी अजूनही घेतो आणि मुले अजूनही कंटाळतात. "थोरली?" "हजर." "मधला?" "हजर." "धाकटी?" धाकटी बायकोच्या पदरामागून म्हणाली, "गैरहजर." कुर्डूवाडीला एकदा आणि केमला उतरल्यावर एकदा, अशी आणखी दोनदा हजेरी झाली. बाहेर दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, बैलगाडी घेऊन उभे होते. दाजी दिवसात मोजकी वाक्ये बोलतात, पण बैलांशी मात्र अखंड बोलत असतात. गाडीत मुलांचे पाय चाकापासून लांब ठेवून बसवले आणि आम्ही दिवस कलायच्या आत वस्तीवर पोहोचलो.

आक्काच्या दारात पाहुणा आला की एक रीत असते. आधी पायावर पाणी, मग हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. हे काम ती सुनेला किंवा दुसऱ्या कुणाला करू देत नाही, स्वतः करते. लगबगीने बाहेर आली, मुलांच्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली, गूळ दिला आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

मी पिशवीतून फडके काढले. दुसरा तांब्या मागून घेतला, त्याच्या तोंडावर फडके दुहेरी करून बांधले आणि तिच्या हातातले पाणी त्यातून ओतले. मी हे शांतपणे, नीटनेटकेपणाने केले. शाळेत तक्ता समजावून देतात तसे मुलांना सांगितलेही, "बघा, असं."

आक्काने आपला रिकामा तांब्या परत घेतला.

"ह्ये काय?" तिने विचारले.

"नारू होतो गं पाण्यातनं. डॉक्टरांनी सांगितलंय. गाळून प्यायचं."

"माज्या घरच्या पाण्यातनं?"

"कुठल्याही. पायविहिरीच्या—"

"ह्याच पाण्यावर वाढलास न्हवं तू? का दुसऱ्या कुटल्या?"

"म्हणूनच तर झाला होता ना मला."

हे वाक्य बोलू नये इतके मला कळायला हवे होते. वीस दिवस माझा पाय मांडीवर घेतलेल्या बाईला मी, तिच्याच दारात, तिच्या सुनेसमोर सांगत होतो की तो आजार तूच मला पाजलास. मला तसे म्हणायचे नव्हते. पण तिला ऐकू आले ते तसेच.

"अंगात उष्णता भडाकली की नारू व्हतो," ती म्हणाली. "पाण्याला नावं ठिवू नगं." आणि आत गेली.

बायको हळूच म्हणाली, "जरा थांबून, घरात जाऊन गाळलं असतं तर वन्संना लागलं नसतं. दारातच दुकान मांडलंत."

संध्याकाळपर्यंत आक्काने ओट्याच्या कोपऱ्यात वेगळी घागर मांडली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "ती न्हवं, ती सोलापूरकरांची. त्यांचं पाणी शाळेत जातंय." दाजींनी दोन्ही घागरींतून एकेक घोट घेतला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "चव येकच हाय की." मुले खो खो हसली. मीही हसलो. आक्का हसली नाही. जेवताना तिने मला दुसरी भाकरी वाढली, पण "घे की अजून" म्हणाली नाही. तिच्या घरी हे आजवर कधी झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी हुरडा होता. सकाळी शाळूवर दव होते आणि मुलांनी कानटोप्या कुरकुर न करता घातल्या. खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली, निखारे फुलले तशी कोवळी कणसे आत गेली. आक्काची सून भाजलेली कणसे तळहातावर चोळून हिरवे दाणे काढत होती, बाकीचे फुंकर मारून खात होते. शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरे. परकर खोचलेले होते, केस बांधलेले होते, मधल्याला वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसवले होते. हुरड्यावर पाणी कुणी मागितले नाही, कारण तेही कलम पाठ झालेले होते. सगळे यादीप्रमाणे चालले होते आणि मी खूश होतो.

आक्काने मोठ्या डेऱ्यातून ताक द्यायला सुरुवात केली. हिंग-जिऱ्याचे, गार. तिचे ताक म्हणजे ताक. मुलांनी दोन-दोन फुलपात्री घेतली, बायकोने घेतले, मी दोन पिऊन तिसरे हातात धरले. आक्काचा चेहराही जरा सैल झाला होता. "सोलापुरात मिळतंय का असलं?" तिने विचारले, आणि मी मनापासून म्हणालो, "कुठलं मिळायला!"

तेवढ्यात दाजी विहिरीवरून आले. धोतर गुडघ्यापर्यंत ओले, खांद्यावर कळशी. डेऱ्यापाशी थांबले आणि कळशी डेऱ्यात रिकामी केली.

मी फुलपात्राकडे पाहिले. मग डेऱ्याकडे. मग दाजींच्या ओल्या पायांकडे.

"आक्का, ताकात पाणी कुठलं?"

"ताकात पाणी घालायचं न्हाय तर काय दूध घालायचं?"

"विहिरीचं?"

"न्हाय, गंगेचं मागावलंय तुज्यासाठनं!"

सगळे हसले. तेवीस कलमे लिहिणाऱ्या माणसाला ताकात पाणी असते हे सुचले नव्हते. मी फुलपात्र खाली ठेवले, तर आक्का लगेच म्हणाली, "आता ताक बी गाळतूस का? का मला बी यकदा फडक्यातनं काढतूस?" आणखी हशा. बायकोने माझ्याकडे पाहिले. तिला कळले होते. हात पुसत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आता गप्प बसा. प्यायलेलं परत येत नाही. वर्षानं काय ते बघू."

त्या दिवशी वहीत मी एकच शब्द लिहिला: ताक. आणि त्याखाली: पुढल्या नाताळापर्यंत पाय पाहणे.

निघताना आक्का दरवर्षी गाडीपर्यंत येते आणि शिदोरी स्वतःच्या हाताने माझ्या मांडीवर ठेवते. त्या वर्षी शिदोरी दाजींच्या हाती आली. आक्का दारातूनच म्हणाली, "फुडल्या साली येशील तवा पाणी बी संगं घिऊन ये." गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिले. दार रिकामे होते.

ते वर्ष आमच्या घरात पायांचे वर्ष होते. दर रविवारी आंघोळीनंतर मी पाटावर बसायचो आणि एकेकाचे पाय तपासायचो. घोटे, पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या. मुलांना आधी गंमत वाटली, मग कंटाळा, मग त्याचाही खेळ झाला. धाकटी पाय पुढे करून स्वतःच ओरडायची, "डावा हजर! उजवा हजर!" बायकोची पाळी आली की ती म्हणे, "नवऱ्याच्या पाया पडतात हे ऐकलं होतं. रोज उठून माझे पाय बघणारा पहिलाच." रोज नव्हे, फक्त रविवारी. पण ती मोजायला लागली की वाढवूनच मोजते.

श्रावण सरता सरता थोरलीच्या टाचेवर फोड आला. टपोरा, पाणी भरलेला. माझ्या तोंडचे पाणी पळाले. टांगा करून तिला दवाखान्यात नेले. वाटेत तिने विचारले, "बाबा, किडा निघाला तर मला दाखवतील?" मी टांगेवाल्याला घोडा जोरात हाकायला सांगितले. डॉक्टरांनी फोड पाहिला, मग तिची पायताणे पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. "नवी आहेत?" "हो, परवाच घेतली." "मग मास्तर, औषध मी देत नाही. चांभाराकडं जा." घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोहोचली होती, आणि शेजारी पुढे दिवाळीपर्यंत मला पायताणांची तब्येत विचारत होते.

आक्काकडून काही निरोप आला नाही. ती लिहीत नाही, आणि मी दोन पत्रे घातली त्यांत हवापाण्याखेरीज काही लिहायला मला धीर झाला नाही. मग मार्गशीर्षात दाजींचे कार्ड आले, गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेले. 'तुमच्या आक्काच्या पायाला नारू झाला आहे. कळवू नका म्हणते. सुट्टीला येणार का विचारते.'

बायकोने कार्ड वाचून माझ्याकडे दिले. "फडकी किती घ्यायची?" तिने विचारले. मी म्हणालो, चार. ती विणकराकडे स्वतः जाऊन सहा घेऊन आली.

आम्ही पोहोचलो तेव्हा आक्का ओट्यावर बसली होती, उजवा पाय पाटावर, घोट्याशी चिंधी आणि चिंधीत बाभळीची काडी. ती उठू शकत नव्हती. आपल्या दारात पाहुणा आला आणि आपण बसून आहोत, याचीच तिला लाज वाटत असावी, कारण आमच्याकडे न बघता ती म्हणाली, "तांब्या भरून ठिवलाय. तुजं फडकं काढ."

मी फडके काढले नाही. तिच्याजवळ बसलो आणि चिंधी सोडली. दाजींनी काडी फिरवली होती, पण दाजींचे हात नांगराचे. जागा लाल झाली होती.

"कुणी ओढलाय हा एवढा?"

"तुजं दाजी. म्हनलं, बैलाचा कासरा न्हवं त्यो."

दाजी बैलांकडे निघून गेले.

मी कोमट पाणी मागवले, हात धुतले, तिचा पाय मांडीवर घेतला. अठ्ठावीस वर्षे झाली होती, पण हाताला आठवत होते. आधी पाणी सोडायचे, जागा मऊ होऊ द्यायची. मग काडी अगदी थोडी फिरवायची आणि थांबायचे. आक्का वरून सांगत होती, "वढू नगं. आपून हून येऊ दे. हां. थांब. आता पुन्ना." तिच्या कपाळावर घाम होता. मी म्हणालो, "ओरडू नकोस, त्याला ऐकू जातं." तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. वर्षभरानंतर तिने मला लावलेला तो पहिला हात.

काडी बांधून झाल्यावर मी विचारले, "पाणी कोण आणतं मग आता?"

"मीच की. तुजं दाजी दिसभर रानात. सुनंला दिस गेल्यात, ती कशी उतरल? पायऱ्या धरून जाते. पाण्यात पाय घातला म्हंजी लई बरं वाटतं बग, आग निवती."

भिंतीवर ताणलेले ते धोतर माझ्या डोळ्यांपुढे आले. कळशी बुडवणारी बाई. मागच्या वर्षी मी तिला शिकवायला गेलो होतो. या वेळी आवाज खाली ठेवून एवढेच म्हणालो, "आक्का, आग निवते ती त्याचसाठी. त्याला पाणीच पायजे असतं. पाय पाण्यात गेला की तो आपली पिल्लं सोडतो. तेच पाणी मग सगळी वस्ती पिते."

अंगणात माझी मुले शेजारच्या पोरांबरोबर लगोऱ्या खेळत होती. त्यांच्याकडे ती पाहत होती.

"म्हंजी मला झाला ती येक गोष्ट," ती सावकाश म्हणाली. "पर माज्या पायातनं दुसऱ्याला जातुय?"

"जाऊ शकतो."

"ह्या पोरांना? सुनंला?"

"हो."

"किती दिस उतरतीया मी..." तिने बोटांवर हिशेब केला आणि मध्येच सोडून दिला. मग पदराने तोंड पुसले. मला वाटले ती रडते आहे. पण चेहरा वर आला तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले, शेतात कुणाची गुरे शिरली की होतात तसे.

"फडकं दे," ती म्हणाली. "आन् त्या तुज्या दाजीला हाक मार."

पुढचे चार दिवस आमच्या सुट्टीत सुट्टी म्हणून काही उरले नाही. विहिरीच्या पायऱ्यांसमोरची बाजू उभी, सरळ पाण्यापर्यंत होती. तिथे दाजींनी आणि मी बाभळीचे दोन खांब पुरले, आडवे लाकूड टाकले. रहाटाचे चाक दाजींनी करमाळ्याच्या बाजारातून आणले. पोहरा आणि चऱ्हाट घरचेच. पायऱ्यांच्या तोंडाशी काटेरी फांद्यांचे कुंपण घातले. मी कामाची यादी केली होती. आक्काने ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि दर कामापुढे कुणी करायचे ते तिने सांगितले. मला खांबाचे खड्डे मिळाले.

रहाट बसल्यावर आक्काने आपली बाज विहिरीवर टाकायला लावली. पाय उशीवर, हातात काठी. पाण्याला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिचा एकच हुकूम: "वरनं वढ! खाली उतरशील तर तंगडी मोडीन." एका म्हाताऱ्या शेजारणीने विचारले, "का गं, पाण्याला काय झालंय?" मी कान टवकारले.

"पाण्याला काय बी न्हाय झालं," आक्का म्हणाली. "मला झालंय. माजा नारू तुमच्या घरात नगं. घे फडकं. दुहेरी करून बांद. तशी न्हवं, दुहेरी!"

वर्षभर मला जे सांगता आले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितले. माझी सहा फडकी त्या संध्याकाळीच संपली. नंतर आलेल्यांच्या फडक्यांची ती स्वतः पारख करू लागली. कापड सूर्यासमोर धरायची आणि "वीण ढिली हाय, दुसरं आण" म्हणून परत पाठवायची. आमच्या विणकरांनी तिला पाहिले असते तर लगेच कामाला ठेवले असते.

सुट्टीच्या शेवटून दुसऱ्या दिवशी किड्याचे शेवटचे टोक हाती आले. न तुटता. आक्काने ते पाहिले, गोवरीच्या निखाऱ्यात टाकायला लावले आणि म्हणाली, "गेलं येकदाचं. आता हुरडा कवा?"

हुरडा दुसऱ्याच दिवशी. तीच आगटी, तेच शाळूचे रान. ताकाला वर्ष झाले होते. खाण्याआधी मी हजेरी घेतली, या वेळी पायांची, आणि दाजींनीही न सांगता आपले दोन पाय पुढे केले. दहा आमचे, दोन त्यांचे, सगळे कोरे. डॉक्टर 'थोडे जास्त' म्हणाले होते, म्हणून मी संक्रांतीपर्यंत पाहायचे ठरवले होते. संक्रांतही तशीच कोरी गेली.

आक्का एका पायाने लंगडत आली, डेऱ्याशी बसली आणि फुलपात्र भरून माझ्यापुढे धरले. सगळ्यांचे लक्ष माझ्याकडे. बायकोचेही.

मी विचारले नाही. ते एका दमात प्यायलो आणि फुलपात्र पुन्हा पुढे केले.

"दोनदा गाळलंय," ती म्हणाली. "इचारलं असतंस तर डेरा डोसक्यात घातला असता."

निघताना ती गाडीपर्यंत आली. शिदोरी मांडीवर ठेवली, मग चाकाच्या बाजूला लोंबणारे मधल्याचे पाय दिसले तसे स्वतः उचलून आत घातले, आणि मला म्हणाली, "यादीत हाय न्हवं ह्ये? मग ध्यान कुटं हाय, मास्तर?"

पुढल्या वर्षीच्या मोठ्या यादीत पहिले कलम कांबळ्यांचे आहे. पाण्याचे कलम नाही. आक्काच्या घरी ते लिहावे लागत नाही.